मोजले ते मरण, मोजायचे राहिले ते बळ

महाराष्ट्राच्या शासनव्यवस्थेला शेतकऱ्याच्या मनाची आठवण होते ती बहुधा त्याच्या मृत्यूनंतर. तलाठी पंचनामा करतो, तहसीलदाराचा अहवाल जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीपुढे जातो आणि समिती निकाल देते : पात्र अथवा अपात्र. मृताच्या कुटुंबाच्या नावावर शेतजमीन होती काय, कर्ज बँकेचे, सहकारी संस्थेचे वा परवानाधारक सावकाराचे होते काय, ते थकले होते काय, वसुलीचा तगादा होता काय, नापिकी झाली होती काय, या प्रश्नांची उत्तरे कागदावर जुळली की एक लाख रुपयांची मदत मंजूर होते. त्यातील तीस हजार हाती पडतात आणि सत्तर हजार ठेवीत जातात. उत्तरे जुळली नाहीत, तर घरावर कोसळलेले आकाश तेच असते; शासनाच्या लेखी मात्र ती शेतकरी आत्महत्या ठरत नाही. अमरावती विभागात २००१ पासून ही नोंद ठेवली जाते आणि तिने वीस हजारांचा आकडा ओलांडला आहे.

मृत्यूची इतकी काटेकोर मोजणी करणाऱ्या व्यवस्थेला एक साधा प्रश्न कधी पडला नाही. त्याच गावात, तसल्याच जमिनीवर, तेवढेच कर्ज डोक्यावर घेऊन जे असंख्य शेतकरी उभे राहिले, ते कशाच्या बळावर? अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलडाणा, वाशीम आणि वर्धा या सहा जिल्ह्यांत पाऊस सर्वांसाठीच उघडीप देतो, सोयाबीनचे भाव सर्वांसाठीच कोसळतात, बँकेची नोटीस अनेकांच्या दारावर येते. तरीही बहुसंख्य माणसे दुसऱ्या दिवशी उठून वखराला बैल जुंपतात. त्या उठण्यामागे काय आहे, याचा शोध घेण्याची गरज ना शासनाला वाटली, ना विद्यापीठांना. समाजालाही ती फारशी वाटलेली नाही, हे अधिक गंभीर आहे.

तणावाची मोजणी झाली, पुढे काय?

मोजणी झालीच नाही, असे म्हणता येणार नाही. १ जुलै २००६ रोजी तत्कालीन पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर केले. त्याच वर्षी शासनाने या जिल्ह्यांतील शेतकरी कुटुंबांचे घरोघर जाऊन सर्वेक्षण केले. सुमारे साडेसतरा लाख कुटुंबांपर्यंत कर्मचारी पोहोचले. कर्ज किती, नापिकी किती वर्षे, घरात दुर्धर आजार आहे काय, मुलीचे लग्न अडले आहे काय, असे प्रश्न विचारले गेले आणि चार लाखांहून अधिक कुटुंबे अत्यंत तणावग्रस्त असल्याचे निष्पन्न झाले. ग्रामीण कुटुंबांच्या तणावाचे इतके विस्तृत मोजमाप देशात क्वचितच झाले असेल.

या सर्वेक्षणाचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. मुलीचे लग्न आणि घरातले दुखणे हीदेखील शेतीच्या संकटाची अंगे आहेत, हे त्याने सरकारी कागदावर आणले. परंतु त्याची दृष्टी एकांगी होती. त्याने ओझे मोजले, खांदा मोजला नाही. ज्या घरावर कर्ज आहे त्या घरामागे कोण उभे आहे, भाऊबंदकी जिव्हाळ्याची आहे की कोर्टकचेरीची, घरधनी आजारी पडला तर त्याची पेरणी कोण करील, कर्त्याने कर्जाचा खरा आकडा घरातल्या बाईला सांगितला आहे काय, हे काहीही त्या सर्वेक्षणाला दिसले नाही. त्यामुळे चार लाख घरांची यादी हाती येऊनही त्यांपैकी आधी कोणत्या दारावर थाप मारायची, हे ठरवण्याचे साधन कोणाकडेच नव्हते. पॅकेजचा पैसा ठरलेल्या वाटेने गेला आणि यादी दफ्तरात राहिली.

पुढे २०१५ मध्ये राज्य शासनाने विदर्भ-मराठवाड्यातील चौदा जिल्ह्यांत ‘प्रेरणा प्रकल्प’ सुरू केला. आशा कार्यकर्तीने घरोघर जाऊन नैराश्याची लक्षणे टिपावीत आणि रुग्णाला समुपदेशक व डॉक्टरांपर्यंत पोहोचवावे, ही त्याची कल्पना. कल्पना योग्यच आहे. पण लसीकरणापासून बाळंतपणापर्यंत डझनभर कामांच्या वह्या सांभाळणाऱ्या आणि तुटपुंज्या मोबदल्यावर राबणाऱ्या त्या भगिनीच्या हाती आणखी एक तक्ता देऊन गावाचे मनोबल वाढेल, असे मानणे ही स्वतःचीच फसवणूक आहे.

वाघाची भीती आणि जागलीची झीज

रोजच्या तणावाचे स्वरूप समजून घेतल्याखेरीज त्याच्यावरचा उपाय सापडत नाही. हान्स सेल्ये या शास्त्रज्ञाने १९३६ मध्ये तणावाला शरीर कसे सामोरे जाते याची पहिली मांडणी केली. समोर वाघ आला तर हृदयाची धडधड वाढते, रक्तात संप्रेरके उसळतात, माणूस पळतो किंवा लढतो. वाघ गेला की शरीर पूर्वपदावर येते. हा तणाव जीव वाचवणारा असतो. पण वाघ कधी जातच नसेल तर? ब्रूस मॅकएवेन आणि त्यांच्या सहकाऱ्याने १९९३ मध्ये दाखवून दिले की, संकटाच्या वेळी रक्षण करणारी हीच यंत्रणा सतत चालू राहिली तर शरीराला झिजवते. झोप उडते, रक्तदाब वाढतो, स्मरण आणि निर्णयशक्ती मंदावते.

वाशीम जिल्ह्यातल्या शेतकऱ्याचा वाघ असा न जाणारा आहे. रोही आणि रानडुकरे पीक उद्ध्वस्त करतात म्हणून रात्र जागलीवर काढायची. विजेची पाळी रात्रीची आली तर अंधारात, विंचूकाट्यात मोटार सुरू करायला जायचे. दिवसा कृषी केंद्राची उधारी, मुलाच्या शिक्षणाची फी, म्हाताऱ्या आईचे औषध. यांपैकी एकही गोष्ट आभाळ कोसळवणारी नाही, पण एकही गोष्ट संपत नाही. घरातल्या बाईचा ताण तर कोणत्याच मोजणीत येत नाही. सर्वांआधी उठून सर्वांनंतर झोपणे आणि नवऱ्याच्या चेहऱ्यावरून उद्याचा अंदाज बांधणे हे तिचे काम कोणत्या सातबाऱ्यावर नोंदवणार? मोठ्या आघाताला गाव धावून येते. रोजची झीज मात्र कोणाला दिसत नाही, म्हणून ती अधिक घातक ठरते.

परक्या फूटपट्टीची मर्यादा

मनाचे बळ मोजण्याची साधने आज जगात पुष्कळ आहेत. शेल्डन कोहेन यांनी १९८३ मध्ये ‘जाणवणाऱ्या तणावा’ची प्रश्नावली तयार केली. २००३ मध्ये कॉनर आणि डेव्हिडसन यांनी पंचवीस विधानांची मोजपट्टी दिली. प्रत्येक विधानाला शून्य ते चार गुण, एकूण शंभर. २००८ मध्ये सहा विधानांची आणखी एक आटोपशीर पट्टी आली. या साधनांमागे कष्ट आहेत, शास्त्र आहे, आणि रुग्णालयात त्यांचा उपयोगही आहे. त्यांना परकी म्हणून झिडकारण्याचा अट्टहास करू नये. तापमापक परदेशात तयार झाला म्हणून ताप खोटा ठरत नाही.

प्रश्न त्यांच्या गृहीतकाचा आहे. या पट्ट्यांतील बहुतेक विधानांचा कर्ता ‘मी’ आहे. मी बदलाला तोंड देऊ शकतो, मी अपयशाने खचत नाही, मी सावरतो, या धर्तीची ती विधाने. नात्यांविषयी एखादे विधान असते, दैव वा ईश्वराविषयी एखादे असते. बाकी सारा भार एकट्या माणसावर. ज्या समाजात माणूस अठराव्या वर्षी घर सोडतो आणि वार्धक्यात वृद्धाश्रमात राहतो, तेथे बळाचा शोध एकट्याच्या अंतरंगात घेणे स्वाभाविक असेल. वऱ्हाडातल्या खेड्यात जमीन सामाईक असते, कर्ज भावाच्या नावावर असते, लग्न चुलत्याने जमवलेले असते आणि निर्णय ओसरीवर होतो. तेथे ‘मी’ला गुण देणारी पट्टी अर्धेच मोजते.

आमच्याकडच्या विद्वानांनी त्यावर कडी केली. त्यांनी इंग्रजी शब्दाला ‘लवचीकता’ असा प्रतिशब्द दिला आणि प्रश्नावली शब्दशः मराठीत उतरवून शोधनिबंध लिहिले. शेतकऱ्याला ‘तुमची लवचीकता किती?’ असे विचारले तर तो रबराचा विचार करील. त्याच्याजवळ त्यासाठी जिवंत शब्द आहेत : धीर, उभारी, खंबीरपणा आणि सर्वांत अर्थपूर्ण म्हणजे तग. पावसाने तीन आठवडे खंड दिला आणि तरी पीक उभे राहिले, तर शेतकरी म्हणतो, ‘पिकाने तग धरला.’

हा शब्द एक संपूर्ण सिद्धान्त सांगतो. पिकाने तग धरला तो केवळ बियाण्याच्या गुणाने नव्हे. एकाच पिशवीतले सोयाबीन खोल काळ्या जमिनीत खंड सोसते आणि मुरमाड बरडावर आठवड्यात माना टाकते. शहाणा शेतकरी रोपाला दोष देण्यापूर्वी जमीन उकरून ओल किती आहे ते पाहतो. मनाचा तग मोजणारे शास्त्र मात्र रोपालाच प्रश्न विचारत बसले आहे. माणसाच्या पायाखालची ओल कोण मोजणार? ती ओल म्हणजे घर, भावकी, शेजार, देऊळ, भजनी मंडळ, सावड आणि इर्जिक. ती आटली की कितीही उत्तम बियाणे असो, ते जळणारच.

पंडित दीनदयाळ उपाध्याय यांनी एप्रिल १९६५ मध्ये मुंबईतील चार व्याख्यानांत एकात्म मानव दर्शन मांडले. शरीर, मन, बुद्धी आणि आत्मा यांचा माणूस हा एकात्म आविष्कार आहे आणि व्यष्टी व समष्टी यांत विरोध नसून परस्परपूरकता आहे, हे त्याचे सार. मानसिक आरोग्याच्या क्षेत्रात या विचाराचा अर्थ अगदी व्यावहारिक आहे : समष्टी मोजल्यावाचून व्यष्टीचे मोजमाप पुरे होत नाही.

जगही आता तेच सांगत आहे

हा केवळ स्वाभिमानाचा दावा नाही. अमेरिकेच्या हवाई बेटांपैकी कवाई येथे १९५५ साली जन्मलेल्या ६९८ बालकांचा एमी वर्नर यांनी अनेक दशके अभ्यास केला. दारिद्र्य, घरातील कलह, पालकांचे व्यसन वा आजार यांनी ग्रासलेल्या मुलांपैकी सुमारे एक तृतीयांश मुले सक्षम, समाधानी प्रौढ झाली. त्यांच्या पाठीशी काय होते? जीव लावणारे एखादे वडीलधारे माणूस, आजी-आजोबा, शिक्षक, शेजार, प्रार्थनास्थळाशी असलेले नाते. कॅनडातील मायकेल उंगर यांनी अकरा देशांतील तरुणांचा अभ्यास करून मोजपट्टीत परंपरा, समुदाय आणि श्रद्धा यांना स्थान दिले. आजीच्या गोधडीची ऊब शोधनिबंधातून सिद्ध होऊन परत आली, तेव्हा तिला मान मिळाला.

झिंबाब्वेचे उदाहरण तर डोळ्यांत अंजन घालणारे आहे. तेथील शोना भाषेत ‘फार विचार करणे’ अशा अर्थाचा एक शब्द दुःखी मनासाठी वापरला जातो. लोकांच्या अशाच बोलीतून चौदा प्रश्नांची शोना प्रश्नावली तयार झाली. तिच्यामागे विक्रम पटेल या भारतीय मनोविकारतज्ज्ञाचे परिश्रम होते. डॉ. डिक्सन चिबांडा यांनी २००६ पासून वस्तीतल्या आज्यांना प्रशिक्षण देऊन दवाखान्याच्या अंगणातल्या बाकावर बसवले. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ५७३ जणांच्या चाचणीत, या आज्यांशी बोललेल्यांची लक्षणे सहा महिन्यांनंतर इतरांपेक्षा कितीतरी कमी आढळली. आफ्रिकेतील एक देश आपल्या भाषेतून आणि आपल्या आज्यांतून औषध शोधतो. आणि ज्या वऱ्हाडात ‘जिवाला घोर लागला’, ‘काळजात धस्स झाले’, ‘कशात मन लागत नाही’ असे नेमके शब्द घरोघर आहेत, तेथे भाषांतरित तक्ते भरून घेतले जातात!

आणि आफ्रिकेपर्यंत जायचे कारणही नाही. शेजारच्या अमरावती जिल्ह्यातील तीस गावांत ‘विश्राम’ या नावाने एक उपक्रम झाला. गावातल्याच कार्यकर्त्यांना शिकवून त्यांच्याकरवी मानसिक आधार द्यायचा आणि गरज पडेल तेथे डॉक्टरांकडे न्यायचे, असे त्याचे स्वरूप होते. नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचे प्रमाण दीड वर्षात ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले, असे २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’ समूहाच्या नियतकालिकाने प्रसिद्ध केले. ही किमया गावातल्या ओळखीच्या माणसाने केली. असे कार्य तीस गावांतून तीन हजार गावांत का गेले नाही, हा प्रश्न जितका शासनाला विचारायचा तितकाच समाजालाही.

शिरपूरचे धन आणि शिरपूरचे कुलूप

वाशीम जिल्ह्याच्या मालेगाव तालुक्यातील शिरपूर जैन हे गाव या दृष्टीने विचार करायला लावणारे आहे. अंतरिक्ष पार्श्वनाथांच्या मूर्तीमुळे ते देशभरातील जैन समाजाचे तीर्थक्षेत्र झाले. मूर्ती भूमीला न टेकता अधांतरी विराजमान असल्याची श्रद्धा शतकानुशतके चालत आली आहे. याच गावात जानगीर महाराजांचे संस्थान आहे आणि महाशिवरात्रीला तेथे पंचक्रोशी लोटते. आचार्य विद्यासागर महाराजांचा २०२२ चा चातुर्मास येथेच झाला. पोथीपासून पंगतीपर्यंत, या मातीतील अनेक संप्रदायांचे संचित एका गावात एकवटले आहे.

त्या संचिताकडे श्रद्धेने पाहणारे बरेच, त्यातील शास्त्राकडे पाहणारे थोडे. जैन परंपरेतील सामायिक म्हणजे दोन घटिकांची, ४८ मिनिटांची समभावाची साधना. प्रतिक्रमण म्हणजे दिवसभरात घडलेल्या दोषांची रोजची उजळणी आणि त्यांतून मागे फिरणे. वर्षातून एकदा क्षमायाचना करून वैराची गाठ सोडायची. वारकऱ्याचा सायंकाळचा हरिपाठ, एकादशीचा उपवास, काकड्याला भल्या पहाटे जमणारी मंडळी हीदेखील त्याच जातीची साधने होत. त्यांचे तीन विशेष आहेत. ती रोजची किंवा ठरल्या वेळची आहेत, म्हणजे रोजच्या झिजेला रोजचा उतारा देतात. ती बिनखर्चाची आहेत. आणि त्यांपैकी बहुतेक मंडळीत बसून करायची असल्याने कोण आले नाही हे लगेच लक्षात येते. चार दिवस भजनाला न आलेल्या माणसाच्या घरी पाचव्या दिवशी टाळकरी चौकशीला जातो, यापेक्षा चांगली धोक्याची सूचना देणारी यंत्रणा कोणत्या आरोग्य खात्याकडे आहे?

पण याच शिरपूरने दुसरी बाजूही दाखवली आहे. श्वेतांबर आणि दिगंबर या दोन पंथांतील मंदिराचा वाद ब्रिटिश राजवटीत प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला. तिचा निर्णय १९२९ चा. तरीही वाद शमला नाही. १९८१ पासून मंदिराला कुलूप राहिले, ते सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर २०२३ च्या मार्चमध्ये उघडले. चार दशकांहून अधिक काळ! आणि द्वार उघडल्यावर काही दिवसांतच दोन्ही बाजूंचे अनुयायी एकमेकांना भिडले. क्षमा आणि समभाव जगाला शिकवणाऱ्या परंपरेच्या दारात हे घडावे, यात एका पंथाला दोष देण्यासारखे काही नाही. ही साऱ्या हिंदुस्थानी समाजाची जुनी व्याधी आहे. धन घरात आहे आणि किल्लीवरून भांडण आहे. भावकीच्या धुऱ्यावरून, जातीच्या पंगतीवरून, उत्सवाच्या वर्गणीवरून गावोगावी अशीच कुलुपे लागलेली आहेत. संकटातला शेतकरी त्या बंद दारावर थाप मारतो आणि परत फिरतो.

आक्षेप आणि आत्मवंचना

मनोबलाची भाषा ऐकली की काही विचारवंतांच्या कपाळाला आठ्या पडतात. शेतकऱ्याला भाव द्यायचा नाही आणि त्याने सोसायला शिकावे असा उपदेश करायचा, हे ढोंग आहे, असे त्यांचे म्हणणे. त्यात तथ्य आहे. २०२४-२५ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता आणि विदर्भातील बाजार समित्यांत माल त्याखाली विकला गेला. २००८ च्या केंद्रीय कर्जमाफीने दोन हेक्टरांची रेषा आखली आणि जमीन थोडी अधिक पण सारी कोरडवाहू असलेल्या वैदर्भीय शेतकऱ्याला पूर्ण माफीबाहेर ठेवले. या अन्यायावर ध्यानधारणा हा उपाय नव्हे. सिंचन, भाव आणि पीकविमा यांसाठी लढलेच पाहिजे आणि सत्तेवर कोणताही पक्ष असो, जाब विचारलाच पाहिजे.

परंतु या मंडळींचा युक्तिवाद येथे थांबत नाही. व्यवस्था बदलेपर्यंत बाकी सारे व्यर्थ, असे ते सांगतात. भजन ही गुंगी आणि कुटुंब ही बेडी, असेही सुचवतात. व्यवस्था बदलेल तेव्हा बदलेल. त्या दिवसाचा लाभ घ्यायला माणूस जिवंत असला पाहिजे. ज्यांनी शेतकऱ्याच्या हातातले टाळ काढून घेतले त्यांनी त्याच्या हातात दुसरे काय दिले? परिसंवादाची निमंत्रणपत्रिका?

मात्र दुसऱ्याच्या डोळ्यातले कुसळ दाखवताना स्वतःच्या बाजूचे मुसळ झाकता येणार नाही. ‘आमच्या संस्कृतीत सारे आहे’ असे म्हणून स्वस्थ बसणारा वर्ग हिंदुत्वाचा अभिमान बाळगणाऱ्यांतच मोठा आहे. संस्कृतीत सारे असेल, पण गावात ते उरले आहे काय? हरिनाम सप्ताहाची वर्गणी वाढली, मंडप वाढला, कर्णे वाढले. कीर्तनानंतर शेवटच्या रांगेत डोके धरून बसलेल्या माणसाजवळ जाऊन बसणारा मात्र कमी झाला. मिरवणुकीत डीजेच्या भिंती उभ्या राहतात, त्यांच्या हादऱ्याने आजारी माणसाची उरलीसुरली झोपही उडते. पंगतीत अजूनही एखाद्या वस्तीला शेवटची पाळी मिळत असेल, तर त्या वस्तीच्या पायाखाली कसली ओल राहणार? समरसता ही व्यासपीठावरची घोषणा असली तर मनोबलही व्यासपीठावरच राहील.

याहून घातक आत्मवंचना म्हणजे आजाराला अश्रद्धा समजणे. नैराश्य हा आजार आहे. त्याला औषध आहे, त्याचे डॉक्टर आहेत. ज्याला दोन आठवडे झोप नाही, अन्न गोड लागत नाही, जगणे निरर्थक वाटते, त्याला ‘नामस्मरण कर, सारे ठीक होईल’ एवढेच सांगून घरी धाडणे हे पाप आहे. हृदयविकाराच्या रुग्णाला देवाचा अंगारा लावून जसे रुग्णालयात नेतात, तसेच येथेही नेले पाहिजे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने जीव देऊ पाहणाऱ्याला गुन्हेगार न मानता तीव्र तणावाखालचा माणूस मानले. कायदा सुधारला, ‘भेकड’, ‘पळपुटा’ म्हणणारी गावाची जीभ अजून सुधारायची आहे.

मनोबलाची नोंद गावानेच ठेवावी

मग करायचे काय? प्रथम ओल मोजायची. त्यासाठी परदेशी पट्टीची वाट पाहण्याचे कारण नाही. पुढील प्रश्न कोणत्याही गावात, वऱ्हाडी बोलीत विचारता येतात. मध्यरात्री अडचण आली तर संकोच न करता उठवता येईल, अशी घरे किती? कर्ता माणूस महिनाभर अंथरुणाला खिळला तर शेतीचे काम कोण उरकील? कर्जाचा खरा आकडा घरात आणखी कोणाला ठाऊक आहे? गेल्या आठवड्यात सलग झोप किती रात्री लागली? घराबाहेर चार माणसांत शेवटचे केव्हा बसणे झाले? कोणाशी बोलणे तुटले आहे आणि किती दिवस? घरात दारूने ठाण मांडले आहे काय? उत्तरे येतील तशी कोणत्या घराची ओल आटत चालली आहे, ते कळेल. मृगापूर्वी एकदा आणि दिवाळीनंतर एकदा हीच विचारपूस केली, तर ओल वाढली की घटली तेही समजेल. या नोंदी चावडीवर वाचायच्या नाहीत. त्या गावाने विश्वासाने निवडलेल्या दोघा-तिघांपाशी राहाव्यात आणि त्यांत निदान एक स्त्री असावी. गुप्तता पाळली गेली नाही तर हे काम सुरूच न केलेले बरे.

मोजणीनंतर बांधणी. दर दहा-बारा घरांमागे एक जाणता माणूस वा आजी, जिला ऐकण्याचे शिक्षण मिळाले आहे. पेरणीच्या दिवसांत सावडीचे पुनरुज्जीवन, म्हणजे एकट्या बाईची पेरणी रखडणार नाही. सामूहिक विवाह, म्हणजे मुलीचे लग्न हा कर्जाचा विषय राहणार नाही. भजनी मंडळाला एक नियम : जो चार दिवस आला नाही त्याच्या घरी जायचे. आणि गंभीर लक्षणे दिसली की जिल्हा रुग्णालय गाठायचे. ‘टेलिमानस’चा १४४१६ हा विनामूल्य क्रमांक प्रत्येक देवळाच्या भिंतीवर रंगवायचा. २०२२ च्या ऑक्टोबरपासून केंद्र शासनाची ही सेवा उपलब्ध आहे, पण आरती म्हणायला आलेल्यांपैकी कितीजणांना तो क्रमांक ठाऊक आहे?

गाव मनावर घेते तेव्हा काय घडते, हे कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाडने दाखवले. मे २०२२ मध्ये तेथील ग्रामसभेने विधवा स्त्रीचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र काढणे या प्रथा बंद करण्याचा ठराव केला. पाठोपाठ राज्य शासनाने इतर ग्रामपंचायतींना त्याचे अनुकरण करण्यास सांगितले. त्या ठरावाला फारसा खर्च आला नाही. पण नवऱ्याच्या मृत्यूबरोबर समाजातूनही बाद होणाऱ्या स्त्रीच्या मनावरचे केवढे ओझे त्याने उतरवले! आत्महत्याग्रस्त घरातील स्त्रीला हळदीकुंकवाचे पहिले बोलावणे धाडणारे गाव तिला एक लाखाच्या मदतीहून मोठे बळ देईल.

संघटनेचे कार्य करणाऱ्यांनी हे दायित्व स्वतःकडे घ्यावे, हे सांगण्याची आवश्यकता पडू नये. शाखा, मंडळे, सप्ताह समित्या, संस्थाने, तरुणांची पथके अशी माणसांची जोडणी या समाजाजवळ तयार आहे. किल्लारीच्या १९९३ च्या भूकंपात हजारो स्वयंसेवक ढिगारे उपसायला धावले. तो आघात एका पहाटेचा होता आणि साऱ्यांना दिसला. वऱ्हाडातला भूकंप गेली पंचवीस वर्षे रोज थोडा थोडा होत आहे. त्याचा ढिगारा दिसत नाही, त्याखालचा माणूस हाकही मारत नाही. त्याच्यापर्यंत पोहोचायला कुदळ नको. संध्याकाळी त्याच्या ओट्यावर जाऊन बसण्याची सवड हवी. ती सवड काढणे ज्याला जमत नाही, त्याने संस्कृतीच्या अभिमानाची भाषा थोडी कमी करावी.